कोरलेली आठवण आणि निरपराध माणूस

इंग्रजी वाक्प्रचारांच्या पुस्तकांत आठवण आणि विसर यांवर एखादं पान हमखास असतं. ‘इट स्लिप्ड माय माइंड’, ‘दॅट रिंग्ज अ बेल’, ‘ऑन द टिप ऑफ माय टंग’, ‘एच्ड इन माय मेमरी’, ‘फोटोग्राफिक मेमरी’. प्रत्येकापुढे अर्थ, खाली वापराचं एक वाक्य, की झालं. विद्यार्थी पुढच्या पानाकडे वळतो. सगळे एका रांगेत बसवलेले, सगळे सारखेच निरुपद्रवी. माझं भांडण या समजुतीशी आहे. हे बोलण्यातले अलंकार आहेत, त्यांत खरं-खोटं काय शोधायचं, असं भाषेचे शिक्षक म्हणतात, भाषेवर प्रेम करणारे म्हणतात, कायद्याची जाणकार माणसंही म्हणतात. मी म्हणतो, या यादीतले काही वाक्प्रचार माणसाच्या स्मरणाविषयी खरं सांगतात, काही साफ खोटं सांगतात, आणि खोटं सांगणाऱ्यांवर विसंबून न्यायालयांनी निरपराध माणसांना तुरुंगात पाठवलं आहे.

जुलै १९८४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, बर्लिंग्टन या गावी, जेनिफर थॉम्पसन या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर एका माणसाने तिच्याच घरात शिरून बलात्कार केला. जिवंत राहिले तर हा माणूस सुटता कामा नये, असं तिने त्याही अवस्थेत मनाशी ठरवलं आणि त्याचा चेहरा जाणूनबुजून न्याहाळत राहिली. पोलिसांनी तिच्याकडून रेखाचित्र तयार करून घेतलं, मग काही फोटो दाखवले. थोडा वेळ घेऊन तिने रॉनल्ड कॉटनचा फोटो निवडला. पुढे प्रत्यक्ष ओळखपरेड झाली. तिथे ती दोन माणसांमध्ये घुटमळली आणि मग कॉटनकडे बोट दाखवलं. फोटोंतही होता आणि परेडीतही होता असा माणूस तो एकटाच होता. फोटोतही तू यालाच निवडलं होतंस, असं तिला नंतर सांगण्यात आलं. न्यायालयात साक्ष द्यायला ती उभी राहिली तोवर घुटमळणं संपलं होतं, तिची पुरती खात्री झाली होती. १९८५ मध्ये कॉटनला शिक्षा झाली. १९८७ मध्ये खटला पुन्हा चालला, तेव्हा बॉबी पूल नावाचा कैदी तिच्यासमोर आणला गेला. याला मी कधी पाहिलेलंच नाही, असं तिने सांगितलं. १९९५ मध्ये डीएनए चाचणी झाली आणि गुन्हा पूलने केला होता हे सिद्ध झालं. कॉटनच्या आयुष्यातली दहा वर्षं तोवर तुरुंगात गेली होती.

थॉम्पसन खोटं बोलली नव्हती. साक्षीदार म्हणून आपण जे जे मागतो ते सगळं तिच्याकडे होतं: शुद्ध हेतू, धीर, लक्ष देऊन पाहणं. सत्य कळल्यावर ते तिने जाहीरपणे स्वीकारलं, २००९ मध्ये कॉटनबरोबर पुस्तक लिहिलं आणि ओळख पटवण्याच्या पद्धती बदलाव्यात यासाठी बोलत राहिली. मग चूक कुठे झाली? तिने जो चेहरा खरोखर पाहिला होता, त्याच्या जागी पायरीपायरीने दुसरा चेहरा येत गेला. आधी रेखाचित्र, मग फोटो, मग परेड, मग न्यायालयातली आरोपीची खुर्ची. फोटोंपासून पुढे प्रत्येक पायरीवर तिने कॉटनला पाहिलं आणि प्रत्येक पायरीवर ‘तो’ म्हणजे कॉटन हे अधिक पक्कं होत गेलं. खरा गुन्हेगार समोर उभा राहिला तेव्हा त्याच्यासाठी तिच्या स्मृतीत जागाच उरलेली नव्हती. एच्ड, एनग्रेव्ह्ड, बर्न्ट इन, म्हणजे कोरलेलं, डागलेलं, असं ज्याचं वर्णन इंग्रजी करतं, तेच इथे आतून बदललं होतं आणि बदलताना त्याने कसलाही आवाज केला नव्हता.

ही एका गावाची, एका दशकाची गोष्ट असती तर मी इतकं लिहिलं नसतं. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या कैद्यांची संख्या आता काही शेकड्यांत आहे, आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के खटल्यांत प्रत्यक्षदर्शीने चुकीच्या माणसाला ओळखलं होतं. ही फक्त अमेरिकेची रडकथाही नाही. लंडनमध्ये १८९६ साली अॅडॉल्फ बेक या नॉर्वेजियन माणसाला स्त्रियांना फसवून दागिने लुबाडल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. हाच तो, असं सांगणारी बाई एक नव्हती. एकामागून एक येऊन त्यांनी त्याला ओळखलं. सुटून आल्यावर १९०४ मध्ये तशाच आरोपाखाली तो पुन्हा पकडला गेला, पुन्हा स्त्रियांनी त्याला ओळखलं, पुन्हा तो दोषी ठरला. दोन्ही खटले मिळून ओळख पटवणाऱ्या स्त्रिया दहाहून जास्त होत्या. बेक कोठडीत असतानाच तशीच फसवणूक पुन्हा घडली आणि खरा भामटा सापडला. बेकला माफी मिळाली, पाच हजार पौंडांची भरपाई मिळाली, आणि या प्रकरणाच्या धक्क्याने इंग्लंडने १९०७ मध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय स्थापन केलं. दहा साक्षीदार एकच चूक करू शकत नाहीत, असं आपल्याला वाटतं. त्यांनी केली.

आता वाक्प्रचारांकडे. आठवण म्हणजे आत उमटलेला ठसा, हे चित्र इंग्रजीने शोधलेलं नाही. प्लेटोच्या ‘थिएटेटस’ संवादात मनातल्या मेणाच्या गोळ्यावर अनुभवाचा शिक्का उठतो अशी कल्पना मांडली आहे, आणि तिच्या त्रुटी त्याच संवादात पुढे दाखवल्याही आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकने स्मृतीला कल्पनांचं कोठार म्हटलं. १८३९ मध्ये फोटोग्राफी जगापुढे आली आणि काही दशकांतच कोठारात छायाचित्रं ठेवली जाऊ लागली. पुढे टेप आली, व्हिडिओ आला, आता हार्ड डिस्क आहे. यंत्र बदललं, मूळ समजूत तीच राहिली: घडलेलं आत जसंच्या तसं साठतं, आठवणं म्हणजे ते बाहेर काढणं, विसरणं म्हणजे ते हरवणं. या समजुतीत आठवण एकतर शाबूत असते किंवा गायब. शाबूत दिसणारी आठवण चुकीची असू शकते, याला तिच्यात जागाच नाही. आणि नेमकं तेच सर्वांत जास्त वेळा घडतं.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालच्या आपल्या पुस्तकात हे दाखवून दिलं होतं. त्याने इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेच्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि दिवसांनी, महिन्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. त्यांनी कथा फक्त गाळली नाही, बदललीही. जे विचित्र वाटलं ते त्यांच्या ओळखीच्या जगाला जुळेल असं झालं. आदिवासींच्या लहान होड्या साध्या बोटी झाल्या. ज्याला आपण आठवणं म्हणतो ते दर वेळी नव्याने रचणं असतं, हा बार्टलेटचा निष्कर्ष. त्याला नव्वदहून जास्त वर्षं उलटली. वाक्प्रचारांच्या पुस्तकांना त्याची खबर नाही.

भाषेचा आणि आठवणीचा संबंध किती जवळचा आहे, हे १९७४ मधल्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या प्रयोगाने दाखवलं. ‘नुसते शब्दच आहेत’ म्हणणाऱ्यांनी तो लक्षपूर्वक वाचावा. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर धडकल्या तेव्हा त्यांचा वेग किती होता? काहींना विचारताना ‘धडकल्या’च्या जागी चक्काचूर सुचवणारं जोरकस क्रियापद वापरलं. जोरकस क्रियापद ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. इथवर कुणी म्हणेल की त्यांनी अंदाज बदलला, आठवण नव्हे. पण आठवड्याने सगळ्यांना विचारलं गेलं, फिल्ममध्ये फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. साधं क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण ‘हो’ म्हणाले. जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण. प्रश्नातल्या एका क्रियापदाने, आठवडाभर आधी कानांवर पडलेल्या एका शब्दाने, न फुटलेली काच डोळ्यांसमोर आणली. तपास अधिकारी जबाब घेताना किती शब्द वापरतो?

मग प्रतिपक्ष म्हणतो, साध्या गोष्टींचं ठीक आहे, पण जिवाला चटका लावणारा प्रसंग माणूस विसरत नाही. यासाठी इंग्रजीत एक खास शब्दही घडवला गेला. १९७७ मध्ये ब्राउन आणि कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ असं नाव दिलं: धक्कादायक बातमी ऐकली की कॅमेऱ्याचा दिवा लखकन चमकावा तसा तो क्षण आपण कुठे होतो, काय करत होतो यासकट मनात छापला जातो. शब्द चपखल होता, म्हणून चालला. त्याची कसोटी ‘चॅलेंजर’ अवकाशयानाच्या दुर्घटनेने घेतली. २८ जानेवारी १९८६ ला यान फुटलं. दुसऱ्याच सकाळी एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून, ही बातमी तुम्हाला कशी कळली, हे लिहून घेतलं. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. नायसर आणि निकोल हार्श यांनी १९९२ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार ११ जणांचं नवं वर्णन मूळ वर्णनाशी एकाही महत्त्वाच्या बाबतीत जुळत नव्हतं. तरी बऱ्याच जणांना आपली आठवण पक्की असल्याची खात्री होती. त्यांच्याच हातचा कागद त्यांच्यापुढे ठेवला, तरी जुनी आठवण परत आली नाही. अक्षर आपलं आहे हे मान्य, पण तसं घडलं नव्हतं, असं सांगण्यापर्यंत काहींची मजल गेली.

हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दिवा चमकला, चित्र लखलखीत दिसलं, आणि ते चुकीचं होतं. लखलखीतपणा आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘फोटोग्राफिक’, ‘एच्ड’, ‘फ्लॅशबल्ब’ हे सगळे शब्द त्या दोन्हींना एक करून टाकतात.

वाक्प्रचारांचा न्यायाशी काय संबंध, या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ मधल्या ‘नील विरुद्ध बिगर्स’ या निकालात आहे. साक्षीदाराने पटवलेली ओळख विश्वासार्ह आहे का, हे ठरवण्यासाठी न्यायालयाने पाच कसोट्या दिल्या. त्यांतली एक होती साक्षीदाराची खात्री. १९७७ मध्ये त्या कसोट्यांवर पुन्हा शिक्कामोर्तब झालं. खात्री हे सत्याचं माप, असं कायद्याने मानलं, कारण ज्या भाषेत न्यायाधीश आणि ज्युरी विचार करत होते, त्या भाषेत कोरलेली गोष्ट खरीच असते. वेल्स आणि ब्रॅडफील्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये या कसोटीच्या मुळावरच घाव घातला. त्यांच्या प्रयोगातल्या प्रत्येक साक्षीदाराने चुकीच्या माणसाला ओळखलं होतं. काहींना एवढंच सांगितलं की छान, तुम्ही नेमक्या संशयितालाच ओळखलंत. तेवढ्याने त्यांची खात्री वाढली. आणि एवढंच नव्हे, आपल्याला चेहरा नीट दिसला होता, आपण लक्ष देऊन पाहिलं होतं, हेही त्यांना ‘आठवू’ लागलं. एका शाबासकीने घटनेच्या वेळचा प्रकाशही वाढला. थॉम्पसनला सांगितलं गेलेलं वाक्य इथे आठवावं.

सामान्य लोकांना हे ठाऊक असतं, असंही कुणी म्हणू नये. सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १,५०० अमेरिकी लोकांपैकी ६३ टक्क्यांनी स्मृती व्हिडिओ कॅमेऱ्यासारखी चालते, याला होकार दिला. एका खात्रीशीर प्रत्यक्षदर्शीच्या साक्षीवर माणसाला दोषी ठरवावं, असं ३७ टक्क्यांना वाटत होतं. ज्युरीत बसतात ती हीच माणसं. त्यांना स्मृतीचं शास्त्र कुणी शिकवलेलं नसतं. भाषेने जे शिकवलं तेवढंच त्यांच्यापाशी असतं.

त्याच भाषेत प्रामाणिक वाक्प्रचारही आहेत, म्हणून मी इंग्रजीला सरसकट दोष देत नाही. ‘दॅट रिंग्ज अ बेल’ किती नेमकं आहे पाहा. काहीतरी ओळखीचं वाटतंय, पण कुठे पाहिलं, कधी ऐकलं हे सांगता येत नाही. मानसशास्त्रात ओळखीची जाणीव आणि प्रत्यक्ष स्मरण असा जो भेद करतात, तो या चार शब्दांत आहे, आणि बोलणाराच कबूल करतो की आपल्याकडे फक्त पहिली गोष्ट आहे. थॉम्पसनला परेडीत कॉटन ओळखीचा वाटला, कारण त्याचा फोटो तिने पाहिला होता. ती ओळखीची जाणीव खरी होती, फक्त तिचा उगम वेगळा होता. ‘ऑन द टिप ऑफ माय टंग’ हे इतकं खरं आहे की ब्राउन आणि मॅकनील यांनी १९६६ मध्ये हीच अवस्था प्रयोगशाळेत उभी केली: शब्द आठवत नसतानाही लोकांना त्याचं पहिलं अक्षर, त्याची लांबी कित्येकदा बरोबर सांगता आली. ‘इफ मेमरी सर्व्ह्ज मी राइट’, ‘अॅज फार अॅज आय रिकॉल’ ही वळणं तर बोलणाऱ्याने स्वतःवर घातलेल्या मर्यादाच आहेत. ज्या वाक्प्रचारांत माणूस आपल्या अपुरेपणाची कबुली देतो ते खरे, ज्यांत तो खात्रीचा शिक्का मारतो ते खोटे, असा भेद मला दिसतो. दुर्दैव असं, की न्यायालयात पहिल्या प्रकाराला कमजोर साक्ष म्हणतात आणि दुसऱ्याला भक्कम.

मराठीने यावर नाक मुरडायचं कारण नाही. मनावर कोरलं गेलं, काळजावर गोंदलं गेलं, सगळं डोळ्यांसमोर जसंच्या तसं उभं राहिलं, असं आपणही बोलतो, आणि त्याच खात्रीने.

‘बरीड’ आणि ‘रिप्रेस्ड’ या दोन विशेषणांनी केलेली हानी वेगळ्या जातीची आहे. वेदनादायक आठवण मनाच्या तळाशी गाडली जाते, दाबून ठेवली जाते, आणि वर्षांनी उकरली की जशीच्या तशी हाती लागते, या कल्पनेवर १९८० च्या दशकात अमेरिकेत उपचारांची एक लाटच आली. संमोहन, सुचवणारे प्रश्न, ‘आठवा, अजून आठवा’ असा आग्रह, यांतून लोकांना बालपणीचे असे अत्याचार आठवले, ज्यांचा आधी मागमूस नव्हता. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात जॉर्ज फ्रँकलिनला १९६९ सालच्या खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आलं. मुख्य पुरावा होता त्याच्या मुलीला वीस वर्षांनी ‘परत आलेली’ आठवण. १९९५ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. मुलांवर घरात अत्याचार होतात, फार होतात, आणि ते बहुतेकांना सतत आठवत राहतात. ऐकून घेणारं कुणी नसतं ही त्यांची अडचण. उकरून काढायच्या कल्पनेने अशा खऱ्या पीडितांचंही नुकसान केलं, कारण बनावट आठवणी उघड झाल्यावर लोक सगळ्यांकडेच संशयाने पाहू लागले.

इथे माझ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. आठवणीवर असा अविश्वास दाखवाल तर बलात्कार झालेल्या स्त्रीवर कोण विश्वास ठेवील? तिच्या बाजूने उभं राहण्याचा एकच मार्ग आहे, तो प्रसंग तिच्या मनावर कोरला गेला आहे असं ठणकावून सांगणं. हा युक्तिवाद मनापासून केला जातो, पण तो तिचाच घात करतो. अशा बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. तिथे चेहरा चुकण्याचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तपशिलांचा. पहिल्या जबाबात शर्ट निळा होता, आता काळा म्हणता? दार आधी बंद झालं की दिवा? उलटतपासणीत वकील तिला तिथेच पकडतो, आणि हे हत्यार त्याच्या हाती त्याच चित्राने दिलेलं असतं: आठवण फोटोसारखी असती तर तपशील बदलला नसता, बदलला म्हणजे बाई खोटं बोलते. फोटोची उपमा निरपराधाला अडकवते आणि खऱ्या साक्षीदाराला खोटं पाडते. ती दोन्हीकडून कापते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे अमेरिकेच्या आधी ओळखलं होतं, याचा मला अभिमान वाटतो. ‘भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य’ या १९८३ च्या निकालात न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी लिहिलं की साक्षीदाराकडे छायाचित्रासारखी स्मरणशक्ती असावी अशी अपेक्षा धरता येत नाही, मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप पुन्हा लावली जात नसते, म्हणून किरकोळ विसंगतींवरून साक्ष फेकून देऊ नये. (त्याच निकालात भारतीय आणि पाश्चात्त्य स्त्रियांची जी तुलना आहे ती आज वाचवत नाही, पण हा भाग सोनं आहे.) न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हेंडरसन’ खटल्यात व्हिडिओची उपमा नाकारली ती २०११ मध्ये, आणि मग तिथल्या ज्युरींना स्मृतीबद्दल सविस्तर सूचना देणं सुरू झालं. इंग्लंडमध्ये १९७६ च्या ‘टर्नबुल’ निकालापासून न्यायाधीशाला ज्युरीला बजावावं लागतं की पटणारा साक्षीदारही चुकलेला असू शकतो.

तपशील चुकूनही साक्ष खरी असू शकते, याचं सर्वांत ठळक उदाहरण वॉटरगेट या अमेरिकी राजकीय घोटाळ्यात आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे वकील जॉन डीन यांनी जून १९७३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे २४५ पानांचं निवेदन वाचून दाखवलं. संभाषणं इतक्या तपशिलात सांगितली की त्यांना माणसाच्या रूपातला टेपरेकॉर्डर म्हटलं गेलं. पुढे खरोखरच टेप असल्याचं उघड झालं. नायसरने १९८१ मध्ये दोन बैठकींच्या टेप डीन यांच्या साक्षीशी ताडून पाहिल्या. कोण काय बोललं यात डीन जागोजाग चुकले होते. बोलणाऱ्यांत स्वतःचं महत्त्व त्यांनी वाढवलं होतं. पण व्हाइट हाउस गुन्हा दडपत होतं हे मुख्य विधान पूर्ण खरं होतं. रेकॉर्डर म्हणून डीन नापास होतात, साक्षीदार म्हणून ते खरे ठरतात. फोटोच्या भाषेत हे वाक्य बोलताच येत नाही.

महाराष्ट्रात हा सगळा वाद कागदी राहिलेला नाही. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावताना मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी बसवून आरोपी स्त्रीला गुन्ह्याविषयीची वाक्यं ऐकवायची. ती गप्प बसलेली असली तरी तिच्या मेंदूत त्या कृत्याचा ‘अनुभव’ साठलेला आहे की नुसती माहिती, हे संगणक सांगतो, असा दावा होता. कोठाराची उपमा इथे अलंकार राहिली नाही, तिने न्यायालयात पुरावा म्हणून प्रवेश केला. ज्या आठवणीत न फुटलेली काच शिरू शकते, तिच्यात अनुभव कुठला आणि तपासात ऐकलेलं काय, हे टोपी कसं वेगळं काढणार? २०१० मध्ये ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्यांची सक्ती घटनाबाह्य ठरवली. सक्ती गेली, मेंदूत गुन्ह्याची नोंद असतेच आणि ती यंत्राने वाचता येते, हा विश्वास मात्र बातम्यांत आणि मालिकांत तसाच फिरतो आहे.

साक्षीदाराच्या आठवणीबद्दल आपला जुना कायदा स्वतःच्या शब्दांपेक्षा शहाणा होता. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १५९, जे आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम १६२ झालं आहे, साक्षीदाराला ‘स्मृती ताजी’ करू देतं. शब्दप्रयोग असा आहे की जुनं चित्र आत शाबूत आहे, फक्त धूळ झटकायची. पण अट काय घातली? कागद घटनेच्या वेळीच किंवा लगेच नंतर लिहिलेला हवा. म्हणजे मसुदा लिहिणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने भरवसा ठेवला तो ताज्या शाईवर. ओळखपरेडीबाबतही न्यायालयांनी हीच सावधगिरी दाखवली. १९५१ मध्ये मुंबईत लॉइड्स बँकेवर दरोडा पडला. त्या खटल्यात, ‘रामकिशन मिठनलाल शर्मा विरुद्ध मुंबई राज्य’ या १९५४ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांनी स्वतः चालवलेल्या परेडीतली ओळख म्हणजे पोलिसांपुढचा जबाबच, तो पुरावा होत नाही. पोलिसांनी पूर्णपणे बाजूला व्हायला हवं. आज दंडाधिकारी परेड घेतात, पंच असतात, संशयिताच्या चेहरेपट्टीची इतर माणसं उभी केली जातात. एवढं सगळं करून पंचनाम्यात काय लिहिलं जातं? साक्षीदाराने अमुक इसमास ओळखले. त्याला किती वेळ लागला, तो दोघांत घुटमळला का, ‘वाटतंय’ म्हणाला की ‘हाच’ म्हणाला, हे त्या एका वाक्यात विरून जातं. आणि संशोधन सांगतं की अगदी पहिल्यांदा, कुणीही काही सुचवण्याआधी साक्षीदाराने दाखवलेली खात्री किंवा अनिश्चितता, तेवढीच खरी माहिती देते. वर्षांनी न्यायालयात दाखवलेली खात्री जवळपास निरुपयोगी असते. आपण उपयोगाची माहिती टाकून देतो आणि निरुपयोगी तेवढी निकालपत्रात घेतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये एक तरतूद आहे: ओळख पटवणारी व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग असेल तर ती सगळी प्रक्रिया ध्वनिचित्रमुद्रित केलीच पाहिजे. धडधाकट साक्षीदाराला ही सक्ती लागू नाही. मला यामागे एकच गृहीत दिसतं, की धडधाकट माणसाची आठवणही धडधाकट असते. जेनिफर थॉम्पसन धडधाकट होती. ही सक्ती प्रत्येक परेडीला आणि फोटो दाखवण्याच्या प्रत्येक प्रसंगाला लागू करा, परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक नसेल अशी व्यवस्था करा, आणि साक्षीदाराचे पहिले शब्द त्याच्याच तोंडचे, ‘बहुधा’ आणि ‘वाटतंय’ यांच्यासकट, नोंदीत ठेवा. यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही.